मोरचुदाने खाल्लेली जोंगा: घरच्या घरी पत्रा, गंज आणि रंग

कृष्णाकाठ (धागाकर्ता)

राम राम मंडळी,

गेली दीड वर्षं आमच्या वाईच्या घरामागच्या शेडमध्ये एक जोंगा उभी आहे. तासगावकडच्या एका द्राक्ष बागायतदाराकडून घेतली. त्यांच्या वडिलांनी ती लष्कराच्या लिलावातून आणली होती. पुढची वीस-बावीस वर्षं तिने बागेत फवारणीची टाकी वाहिली. कागद नीट होते, इंजिन फिरत होतं, चासी शाबूत होती. राहिला फक्त रंग, असं समजून घेतली. त्या रंगाच्या मागेच अकरा महिने गेलेत आणि काम अजून अर्धवट आहे. त्यात जे शिकलो ते इथे लिहून ठेवतोय, कारण मला गरज होती तेव्हा हे मराठीत एका जागी कुठे सापडलं नाही.

ज्यांनी जोंगा पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जबलपूरच्या व्हेइकल फॅक्टरीत निस्सानच्या परवान्यावर बनलेली ही गाडी. मूळ गाडी निस्सान पॅट्रोल, साठ मालिकेतली. जबलपूर ऑर्डनन्स अँड गनकॅरेज असेंब्ली, या शब्दांची आद्याक्षरं जोडून जोंगा हे नाव झालं. १९६९ पासून ती सैन्यात आली आणि १९९९ मध्ये उत्पादन थांबलं. पेट्रोलवर चालणारं सहा सिलिंडरचं ३९५६ सीसी इंजिन, चारही चाकांना ड्रम ब्रेक, पुढे-मागे कमानपाटे. पेट्रोल पिते भरपूर. पण पहिल्या गिअरमध्ये पसरणीच्या घाटाखालच्या कच्च्या चढावर तिने जो दम दाखवला, तो पाहिल्यावर मी त्याबद्दल तिला कधी बोल लावला नाही.

आता मूळ मुद्दा. मागच्या हौद्यात रबराची चटई चिकटून बसली होती. खराट्याच्या दांड्याने ती उचकटली, तर खाली नेहमीचा तांबडा गंज नव्हता. निळसर हिरवी पूड, तिच्याखाली काळपट खड्डे आणि मधूनमधून चक्क नव्या पैशासारखी चमकणारी तांबूस कातडी. नखाने खरवडली तर निघेना. मला तेव्हा काहीच बोध झाला नाही. ग्राइंडरला वायरचा ब्रश लावून वरवर साफ केलं, गंजावर लावायचं आम्ल फासलं, धुतलं, वर रेडॉक्साइड प्रायमरचे दोन हात मारले. आठ दिवस सुरेख दिसत होतं. तिसऱ्या आठवड्यात हौदाभर फोड. मसुराच्या डाळीएवढे, टाचणीने फोडले तर आतून पाणी.

त्याआधी एका गॅरेजमध्ये डावा मागचा पत्रा दुरुस्तीला दिला होता, तोही अनुभव सांगतो. जागेचं नाव सांगत नाही. घरी आणून चुंबक लावला तर वीतभर जागेत चुंबक धरेना. तिथे पत्राच नव्हता. भोकावर जाळी ठेवून वर बोटभर जाड लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी, भरली होती. चकचकीत घासलेली, हात फिरवला तर कळणारही नाही. मी ती सगळी छिन्नीने काढली. आत कडेचा पत्रा हाताने तुटत होता.

त्यानंतर ठरवलं की घाई नाही. बॉडी चासीवरून उतरवली. प्रत्येक बोल्ट कुठून निघाला ते डब्यावर खडूने लिहिलं. हौद्याचा तळ कापून काढला आणि १८ गेजचा नवा पत्रा कापून, वाकवून, गावातल्या वेल्डरकडून थांबून थांबून टाके घालून घेतला. सलग वेल्डिंग केलं की पत्रा तापून पापडासारखा वाकतो, म्हणून एक टाका इथे, एक तिथे, मध्ये दहा मिनिटं थंड. एवढ्या कामाला चार रविवार गेले.

हौद्याच्या कडा आणि चाकांवरच्या कमानी मात्र मूळच्याच आहेत. त्या कापायला मन होत नाही. तिथेही थोडी हिरवी पूड आहे. प्रश्न असा, की ती पूड नक्की काय आहे आणि तिच्यावर रंग टिकण्यासाठी काय करू?

दुसरा प्रश्न रंगाचाच. मला ऑलिव्ह ग्रीन द्यायचा होता. ते जमणार नाही असं मित्र म्हणतो. खरं काय?

द्राक्षवाला_तासगाव

दादा, पूड बघायला लांब जायला नको. बोर्डो आहे तो. मोरचूद आणि चुना. द्राक्षाच्या डाउनी रोगासाठी आमच्याकडे घरोघर फवारतात. बोर्डो लोखंडी भांड्यात करायचा नाही, हे आमच्या आजोबांनी पहिल्या दिवशी शिकवलं. प्लास्टिकचं पिंप घ्यायचं आणि लाकडी दांड्याने ढवळायचं. मिश्रण झालं की स्वच्छ घासलेला विळा मिनिटभर बुडवायचा. पात्यावर तांबूस रंग चढला की समजायचं चुना कमी पडला, मोरचूद मोकळा आहे, पानं करपणार. मग चुन्याची निवळी वाढवायची आणि परत विळा बुडवायचा.

तुमच्या जोंगाचा हौदा वीस वर्षं त्या विळ्यासारखा बुडत होता. टाकीच्या तोटीतून गळत असणार. त्यातून चटई टाकली म्हणजे सुकायलाही जागा नाही.

कृष्णाकाठ

विळ्याचं वाचल्यावर उठून शेडमध्ये गेलो आणि ती तांबूस कातडी पुन्हा बघितली. तांबंच आहे ते! मी त्याला जुना रंग समजत होतो.

रसायनवाले_सर

वरच्या प्रतिसादातला विळा हाच या धाग्याचा धडा आहे, मी फक्त त्यामागचं कारण सांगतो. मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट. लोखंड तांब्यापेक्षा जास्त क्रियाशील, म्हणून द्रावणातलं तांबं बाहेर पडून लोखंडावर बसतं आणि तेवढं लोखंड विरघळून जातं. नववी-दहावीच्या प्रयोगशाळेत खिळा बुडवून आपण सगळ्यांनी हे पाहिलंय. पण गाडीत गोष्ट तिथे थांबत नाही. तांबं आणि लोखंड एकमेकांना चिकटून, वर ओलावा, म्हणजे छोटी बॅटरीच झाली. त्या बॅटरीत झिजतं ते लोखंड. म्हणून तुम्हाला सपाट गंज न दिसता खड्डे दिसले.

फोडांचं कारण क्षार. रंगाचा थर पाणी पूर्ण अडवत नाही. थोडी वाफ त्यातून आत जातेच. खाली क्षार असेल तर तो पाणी ओढून धरतो आणि फोड फुगतो. टाचणीने फोडल्यावर पाणी आलं म्हणता, ती हीच खूण.

आणि तुमची चूक कुठे झाली ते स्पष्ट सांगतो, म्हणजे दुसरा कोणी करणार नाही. हिरव्या पुडीवर थेट आम्ल लावायचं नाही. पूड आम्लात विरघळते आणि त्यातलं तांबं पुन्हा ताज्या लोखंडावर बसतं. म्हणजे साफ करायला गेलात आणि तांब्याचा नवा थर चढवलात. क्रम असा ठेवा. आधी कोरडी पूड ओल्या फडक्याने टिपून काढा, उडवू नका. मग खड्ड्यांतून पांढरं लोखंड दिसेपर्यंत घासा, तांबूस ठिपका एकही नको. मग कढत पाणी आणि नायलॉनचा ब्रश, किमान तीन-चार वेळा, दर वेळी ताजं पाणी. लगेच पुसून गरम हवेने सुकवा. त्यानंतर एक रात्र तसंच उघडं ठेवा. जिथे क्षार उरलाय तिथे सकाळी काळपट टाचणीएवढे ठिपके आधी उठतात. तेवढीच जागा परत घासा, परत धुवा. ठिपके उठायचे थांबले की मगच प्रायमर.

रंकाळावासी

मी कोल्हापुरात तीस वर्षं गाड्या रंगवतोय. सरांनी सांगितलं ते आम्ही कारण माहीत नसताना करत आलो. खताचा ट्रॉली-ट्रक आला की आमचे वस्ताद दोन दिवस नुसते धुवायला लावायचे.

प्रायमरबद्दल. रेडॉक्साइड वाईट नाही, पण अशा पत्र्याला इपॉक्सी प्रायमर लावा. दोन डब्यांचा येतो, मिसळला की ठरावीक वेळात संपवावा लागतो. लांबी नेहमी इपॉक्सीच्या वर भरायची, उघड्या पत्र्यावर कधीच नाही. लांबी पाणी शोषते आणि खालून गंज सुरू होतो. जाडी नखाएवढी. त्यापेक्षा जास्त लागत असेल तर ते डेंटरचं काम आहे, पेंटरचं नाही. आणि सँडब्लास्टिंग फक्त चासी, अ‍ॅक्सल, चाकाच्या डिस्क यांना करून घ्या. दरवाजे, बॉनेट यांना नको, पातळ पत्रा मार खाऊन फुगतो आणि मग कधीच सरळ होत नाही.

घरी करताय म्हणून आणखी एक. पीयू (पॉलियुरेथेन) रंगाच्या मोहात पडू नका. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाचं घातक रसायन असतं. कापडी मास्क तर सोडाच, साध्या फिल्टरच्या मास्कवरही विसंबू नये, बाहेरून ताजी हवा पुरवणारा मास्क लागतो. आमच्या लाइनीतल्या दोन चांगल्या कारागिरांना त्यातून दम्याचा त्रास लागला. घरच्या शेडला साधा सिंथेटिक एनॅमलच बरा. वेळ जास्त लागतो, पण शेजारच्या खोलीत मुलं झोपलेली असतात.

मीनल_सातारा

मुलांचा विषय निघाला म्हणून लिहिते. जुन्या रंगात शिसं असण्याची शक्यता मोठी. कोरडं घासू नका. वॉटर पेपर आणि पाणी घेऊन घासा, खाली प्लास्टिक अंथरा, गाळ गोळा करून बाजूला ठेवा, अंगणात किंवा तुळशीच्या आळ्यात ओतू नका. घासकामाचे कपडे घरच्या धुण्यात टाकायचे नाहीत. आणि ड्रम ब्रेक उघडाल तेव्हा आतली धूळ कॉम्प्रेसरने उडवू नका. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं. ओलं फडकं वापरा.

बॉनेटच्या आतला रंग कसा आहे? तो काढला नसेल तर कृपया काढू नका.

कृष्णाकाठ

मीनलताई, नाही काढला. बरं झालं विचारलंत. ही सगळ्यात आवडीची गोष्ट मी पहिल्या पोस्टमध्ये लिहायची राहिली.

डाव्या मडगार्डवर मी सहाशे नंबरच्या वॉटर पेपरने रुपयाएवढी एकच जागा हळूहळू गोल घासत गेलो. झाडाच्या खोडातली वलयं दिसतात तशी वलयं निघाली. सगळ्यात वर शेतकऱ्याचा निळा. त्याखाली पिवळट पांढरा. मग ऑलिव्ह ग्रीन, मग त्याहून थोडा तपकिरी ऑलिव्ह, मग पुन्हा हिरवा. असे एकूण पाच हिरवे मोजले. शेवटी विटकरी प्रायमर आणि मधोमध चंदेरी पत्रा. हिरव्या थरांत ब्रशच्या केसांच्या रेघा स्पष्ट दिसतात. मागच्या बंपरवर निळा उतरवताना अंक उमटले. वर तोंड केलेला बाण, मग ८३, मग बी, पुढचे आकडे अर्धवट. चाकाच्या वर टायरच्या हवेचा आकडा, स्टेन्सिलने मारलेला. मी तिथेच थांबलो. त्या दिवशी पुढे घासलं नाही.

माजी_हवालदार

कृष्णाकाठ साहेब, जय हिंद. मी ईएमईमध्ये, म्हणजे फौजेच्या गाड्या-यंत्रं दुरुस्त करणाऱ्या विभागात होतो, नोकरीची सतरा वर्षं गाड्यांत गेली. गाव अपशिंगे.

८३ म्हणजे गाडी त्या साली फौजेत दाखल झाली. पुढचं अक्षर गाडीचा वर्ग सांगतं. पाच हिरवे थर वाचून बरं वाटलं. आमच्याकडे वार्षिक तपासणीच्या आधी गाड्यांना हात मारायचे. स्प्रे गन वर्कशॉपमध्ये असायची, युनिटमध्ये ब्रशच. सकाळी पीटी, मग नाश्ता, मग चार जवान आणि एक डबा. म्हणून रेघा आहेत. त्या रेघा पुसून तिला आरशासारखी गुळगुळीत करू नका. ही गाडी शोरूममधून कधी निघालीच नव्हती.

एक विचारतो. मागच्या डिफरन्शियलच्या गोळ्यावर, म्हणजे मागच्या अ‍ॅक्सलवरच्या त्या फुगीर गोल भागावर, पांढरा रंग सापडला का? आणि वर, बॉडीच्या खाली, छोटा दिवा?

कृष्णाकाठ

हवालदार साहेब, जय हिंद. दिवा नाही, पण दिव्याची कडी आहे आणि एक वायर कापून सोडलेली आहे. गोळ्यावर ग्रीस आणि मातीचा दोन बोटं थर. उद्या बघतो.

शनिवारपेठी

कायद्याचं मी सांगतो. तुमचा मित्र बरोबर आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम १२१ नुसार ऑलिव्ह ग्रीन रंग फक्त संरक्षण खात्याच्या वाहनांना. खाजगी गाडीला चालत नाही, गाडी मुळात लष्कराची होती हे कारणही चालत नाही. बाण आणि लष्करी क्रमांक दर्शनी भागावर ठेवू नका. दुसरा कोणताही रंग दिलात तरी तो आरसीवरच्या रंगापेक्षा वेगळा असेल तर आरटीओत बदल नोंदवून घ्या.

इथे कोणी विंटेजचं सुचवेल, म्हणून आधीच लिहितो. २०२१ मध्ये आलेली ती तरतूद पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी आहे. नंबरात व्हीए अक्षरं येतात, नव्या नोंदणीची फी वीस हजार, आणि अशी गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर आणता येत नाही. ८३ ची गाडी त्यात बसत नाही. तुम्ही फिटनेस तपासणी आणि पाच-पाच वर्षांच्या नूतनीकरणाच्या वाटेनेच चला. लिलावाचे मूळ कागद लॅमिनेट न करता जपून ठेवा.

कृष्णाकाठ

धन्यवाद, शंका फिटली. वाईट वाटलं हे खरं, लपवत नाही. पण आज दिवसभर घासताना विचार केला. तो रंग अंगावर घेऊन उभं राहण्याचा हक्क ज्यांचा आहे त्यांचाच राहावा, हे मला पटतं. रस्त्यात कोणी माझी गाडी बघून बाजूला व्हावं असं मी काही केलेलं नाही.

करडा द्यायचं ठरवतोय. पांडवगडाचा कातळ पावसानंतर दिसतो तसा. बॉनेटच्या आत, डॅशच्या मागे आणि सीटखाली मूळचा हिरवा तसाच ठेवणार, फक्त साफ करून.

अ‍ॅडलेडकर

इथे ऑस्ट्रेलियात बसून धागा वाचतोय. तुमच्या जोंगाची सख्खी बहीण, निस्सान पॅट्रोल जी-६०, इथे अजून शेतांवर दिसते. १९६२ मध्ये रेग स्प्रिग नावाचे भूगर्भशास्त्रज्ञ बायको आणि दोन मुलांना घेऊन याच गाडीने सिम्प्सन वाळवंट पार करून गेले, मोटारीने ते पहिल्यांदाच झालं. इथल्या जुन्या गाड्यांच्या मंडळींना ही गोष्ट अजून तोंडपाठ आहे.

कामाचं सांगतो. इंजिन तेच सहा सिलिंडरवालं असल्यामुळे गॅस्केट वगैरे इथे अजून मिळतं. पण मागवण्याआधी तुमचा जुना भाग कॅलिपरने मोजून आकडे इथे टाका, नुसतं नाव सांगून मागवू नका. प्लगच्या वायरी काढल्या असतील तर क्रम १-५-३-६-२-४. दिवाळीत पुण्याला येतोय, पिशवीत मावेल ते आणतो.

कृष्णाकाठ

अ‍ॅडलेडकर, काय बोलू! चाकांच्या सिलिंडरची मापं काढून व्यक्तिगत निरोपात पाठवतो.

तीन महिन्यांनी पुढची खबर देतोय.

सरांच्या पद्धतीने कमानी चार वेळा धुतल्या. पहिल्या रात्रीनंतर सकाळी बॅटरी घेऊन बघितलं तर उजव्या कोपऱ्यात मोहरीएवढे अकरा ठिपके. दुसऱ्यांदा तीन. तिसऱ्यांदा एक. चौथ्यांदा काहीच नाही. त्याच दुपारी इपॉक्सी मारला. त्याला आता अडीच महिने झाले, मध्ये वळवाचे दोन मोठे पाऊस झाले, एकही फोड नाही.

एनॅमलला एक फटका बसला. पहिला हात संध्याकाळी मारला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी घाईने दुसरा. उजव्या दरवाजाचा रंग डोळ्यांदेखत सुरकुतला, तापल्या दुधावरची साय सरकवावी तसा. रंकाळावासींना फोटो पाठवला.

रंकाळावासी

बघितला फोटो. वरून सुकलेला, आत कच्चा. त्यावर ओला हात पडला की खालचा थर फुगून उठतो. एनॅमलचा दुसरा हात एकतर डब्यावर लिहिलेल्या पहिल्या काही तासांत, नाहीतर सरळ आठ दिवस थांबून, हलकं घासून. मधल्या काळात हात लावायचा नाही. आणि वाईला कृष्णेकाठी पहाटे दव पडतं, तेव्हा दुपारी चारनंतर गन उचलू नका. दव बसलं की चमक जाऊन पांढुरका होतो.

दरवाजा पूर्ण वाळू द्या, सुरकुती खरवडा, तीनशेवीसने घासा, परत मारा. जमेल.

कृष्णाकाठ

जमलं काका. दरवाजा दहा दिवस उन्हात ठेवला, मग केला. बाहेरून शेवटचा हात मात्र गनने नाही मारला. चार इंची ब्रश आणला आणि हवालदार साहेबांचं ऐकून रेघा राहू दिल्या, सगळ्या पुढून मागे, एका दिशेने. मडगार्डवरची ती रुपयाएवढी वलयंही झाकली नाहीत. वर नुसतं पारदर्शक वॉर्निश लावलंय.

माजी_हवालदार

आणि डिफ?

कृष्णाकाठ

सांगतो साहेब. खरवडताना ग्रीसखाली पांढरा निघाला. पिवळा पडलेला, पण पांढराच.

मीनल_सातारा

मला कळलं नाही, डिफला पांढरा कशासाठी? तो तर खाली लपलेला असतो ना?

माजी_हवालदार

ताई, रात्री काफिला बत्त्या बंद करून चालतो. पुढचे दिवे नाहीत, मागचा लाल नाही. फक्त पुढच्या गाडीच्या पोटाखाली एक बारीक दिवा असतो, त्याचा उजेड त्या पांढऱ्या गोळ्यावर पडतो. वरून किंवा लांबून दिसत नाही. मागचा ड्रायव्हर तेवढ्या गोलावर नजर ठेवून चालवतो. गोल मोठा दिसला तर आपण फार जवळ गेलो. दिसेनासा झाला तर मागे पडलो. मी असा रात्र-रात्र चाललोय. सकाळी डोळे मिटले तरी तो गोल दिसायचा.

कृष्णाकाठ

काल संध्याकाळी गोळ्यावर पांढऱ्याचे दोन हात मारले. जुन्या कडीत पाच वॅटचा दिवा बसवला आणि वायर डॅशखालच्या मोकळ्या स्विचला जोडली. अंधार पडल्यावर शेडमधले दिवे मालवले, मुलीला स्विचशी बसवलं आणि मी वीस पावलं मागे जाऊन उकिडवा बसलो. तिने कळ दाबली. आधी काही दिसेना, मग डोळे सरावल्यावर दिसला, पेरूएवढा.

साहेब, अपशिंगे इथून तासा-दीड तासाचं. पुढच्या रविवारी ब्रेक बघून झाले की गाडी घेऊन येतो. घरी असाल ना?

माजी_हवालदार

आहे. दिवस मावळताना या.